भागीच्या रडण्याचं भाषांतर

रत्नागिरीच्या सेशन कोर्टात साक्षीदाराचा पिंजरा आणि इंग्रज जज्जसाहेबांचं टेबल यांच्या मधोमध एक बिनहाताची खुर्ची असे. त्या खुर्चीवर मी बावीस वर्षं काढली. कानाने मराठी आत घ्यायची आणि तोंडाने इंग्रजी बाहेर सोडायची, एवढंच माझं काम. सरकारी कागदांत माझा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण आवारातल्या आंब्याखाली भाकरी सोडून बसलेले पक्षकार मला नुसतं दुभाषीबुवा म्हणत. मला ते आवडे. हुद्द्याने हाक मारणाऱ्यांना आपल्याकडून काहीतरी हवं असतं. दुभाषीबुवा म्हणणाऱ्यांना माझ्याकडून काही नको असे, कारण त्यांच्या मते माझ्या हातात काहीच नव्हतं.

लोकांना वाटतं, दोन भाषा आल्या की दुभाषी झाला. तसं असतं तर आमच्या शाळेतले निम्मे मास्तर दुभाषी झाले असते. आमच्याकडे येणारे साहेब मराठीची परीक्षा पास होऊन येत. पण ती मराठी पुण्याच्या मुनशीने शिकवलेली, घडीची. इथे आल्यावर पिंजऱ्यात उभी राहायची ती मांडवीवरची कोळीण किंवा संगमेश्वराकडचा कुणबी. त्यांचा हेल कानावर पडला की साहेब दोन मिनिटं मान डोलवीत आणि मग हळूच माझ्याकडे बघत. हे रत्नागिरीचे हेलही एक नाहीत. खाडी ओलांडली की बदलतात, घाटाच्या पायथ्याला आणखी बदलतात. मी इथलाच, त्यामुळे मला ते आईच्या दुधाबरोबर आले होते. त्यात माझी मर्दुमकी काही नव्हती, पण मिरवत मात्र मी असे.

हे काम मला आबांनी शिकवलं. आबा म्हणजे माझ्या आधी त्या खुर्चीवर बसणारे गृहस्थ. डोक्याला पगडी, नाकात तपकीर आणि जिभेवर इंग्रजी कायदा. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, “आपण पन्हळ. पाटाचं पाणी पोफळींना न्यायचं. पाणी गढूळ असलं तरी आपण गाळायचं नाही, थोडं असलं तरी आपल्या पदरची भर घालायची नाही. साक्षीदार शिवी देईल तर शिवी द्यायची, खोटं बोलेल तर खोटं बोलायचं. खरं-खोटं बघायला वर साहेब बसलेत.” हा धडा मी इतका मनावर घेतला की घरीसुद्धा कोणी काही विचारलं तर आधी प्रश्न पुन्हा म्हणायची मला खोड लागली. बायको वैतागे.

तरी काही बोलणी पन्हळीत अडकत. मारामारीचा एक खटला आठवतो. मिरजोळ्याचा एक म्हातारा साक्षीला आला होता. हल्लेखोर अंगणात किती वेळ होते, असं वकिलाने विचारलं. म्हातारा म्हणाला, “पेज शिजंस्तवर.” मी ते तसंच इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी विचारलं, म्हणजे किती मिनिटं? मी म्हाताऱ्याला विचारलं. तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, “ता तांदळावर हाय, बुवा.”

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्या दिवशी संध्याकाळी मी वडिलांचं खिशातलं घड्याळ घेऊन चुलीपुढे बसलो.

बायकोने विचारलं, “आज इकडे कुठे वाट चुकलात?”

“पेज टाक. किती वेळ लागतो ते बघायचंय.”

“तुमच्या साहेबांना पेज हवी झाली की काय?”

एकवीस मिनिटं लागली. तांदूळ नवे होते. मी ते वहीत टिपून ठेवलं. त्या वहीचं मला फार कौतुक होतं. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. ‘विडी ओढून होईस्तोवर’ याच्यापुढे मिनिटं होती. ‘हाकेच्या अंतरावर’ याच्यापुढे दोन आकडे होते, कारण खाडीवरची हाक लांब जाते आणि डोंगरातली झाडीत मुरते. दोन्ही मी शिपायाला ओरडायला लावून पावलांनी मोजले होते. वर्षं गेली तशी वही भरत गेली आणि मला अशी घमेंड झाली की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाच्या तोंडून निघेल त्या प्रत्येक बोलण्यापुढे उजवीकडे काहीतरी लिहिता येतं. थोडा खटाटोप केला म्हणजे झालं.

ती घमेंड भागीच्या खटल्याने उतरवली.

भागी गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या एका मच्छीमार वाडीतली विधवा. एकुलता एक मुलगा मचव्यावर खलाशी, महिना महिना बाहेर. घरी ती आणि सून शेवंती. दोघींचं पटत नसे हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. एका सकाळी दोघींचा मोठा तंटा झाला. त्यानंतर घटकाभराने शेवंती वाडीच्या बावीत, म्हणजे विहिरीत, मेलेली सापडली. तिला वर काढून काठावर ठेवली तेव्हा भागी धावत आली आणि तिने हंबरडा फोडला, “मीच ढकललं गो बाय तुला! माज्या ह्याच हातांनी ढकललं!”

हे वीस माणसांनी ऐकलं. फौजदार देशावरचा, नुकताच बदलून आलेला. त्याच्या दृष्टीने तपास तिथेच संपला. पुढे मॅजिस्ट्रेटपुढे भागीला विचारलं, तू असं म्हणालीस का? ती म्हणाली, “म्हटलं.” खरं आहे का? ती म्हणाली, “खरंच हाय.” एवढं बोलून तिने पदर तोंडावर ओढला तो पुन्हा काढला नाही. खुनाचा आरोप ठेवून खटला सेशनला आला. गुन्हा शाबीत झाला तर फाशी.

खटल्याचे कागद इंग्रजी करायला माझ्याकडे आले. सगळ्यांत महत्त्वाचा कागद तोच, भागीच्या शब्दांचा. मी तो एका बैठकीत उरकला. ‘मीच’मधला ‘च’ आणि ‘ह्याच’मधला ‘च’ इंग्रजीत चुकता कामा नयेत म्हणून मी दोनदा खाडाखोड केली. झालं तेव्हा वाक्य असं ठोक उतरलं होतं की मी ते शिरस्तेदारांना, म्हणजे कचेरीतल्या आमच्या वरिष्ठांना, वाचून दाखवलं आणि त्यांनी वाहवा केली. बाईच्या गळ्याला दोर आवळण्याच्या कामात मी सुबक गाठ मारली होती आणि तिची वाहवा घेऊन घरी जाऊन जेवलो होतो. आज हे लिहितानाही लाज वाटते.

मी इथला असून मला कळलं कसं नाही, असं कोणी विचारील. त्याचं कारण साधं आहे. कागदावर हेल उतरत नाही.

खटला उभा राहिला. साहेब त्या वेळी जे होते ते काटेकोर पण न्यायी माणूस. आरोपीच्या वकिलाला सरकारनेच नेमलं होतं. तो तरुण, पुण्याकडचा, समुद्र पहिल्यांदाच पाहत असावा. पहिली मोठी साक्ष येसूची. येसू भागीची शेजारीण, मासळी वाळवणारी, ठणठणीत आवाजाची. तिने सांगितलं, तंट्यानंतर भागी तिच्याबरोबर पुळणीच्या वाळूवर सुकत घातलेले बांगडे उलटत होती. बावीकडून ओरडा आला तेव्हा दोघी एकदमच धावल्या.

सरकारी वकील उठले. “म्हणजे आरोपी बावीजवळ नव्हतीच?”

“कशी असंल? माज्याजवळ व्हती.”

“मग ती स्वतःच म्हणते मी ढकललं, ते काय?”

येसूला प्रश्नच समजला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं, “येसू, प्रेताजवळ भागी काय म्हणाली, ते सांग.”

आणि येसूने ते सांगितलं नाही. तिने ते म्हणून दाखवलं. एक हात कपाळावर, दुसरा पुढे पसरलेला, अंग मागेपुढे हलतंय आणि तो सूर. मीऽऽच ढकललं गो बाऽऽय तुला. पिंजऱ्यामागच्या बाकावर बसलेल्या चार बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

तो सूर माझ्या ओळखीचा होता. मी नऊ वर्षांचा असताना माझी धाकटी बहीण सोनी विषमज्वराने गेली. आमच्या अंगणात तिला ठेवली होती आणि माझी आई, अगदी असाच हात पसरून, अगदी ह्याच सुरात म्हणत होती, “मीच घास घेतला गो तुझा, मीच मारली तुला.” आळीतल्या बायका तिला धरून बसल्या होत्या. कोणी फौजदाराला बोलावलं नाही. कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आमच्याकडे माणूस गेलं की बायका असंच रडतात. जवळची बाई मरण आपल्या अंगावर ओढून घेते. न घेईल तर लोक म्हणतात, हिचं काळीज दगडाचं आहे.

“वेल?” साहेब म्हणाले.

मी शब्द सांगितले. तेच माझे सुबक शब्द. सूर माझ्या नरड्यात राहिला. साहेबांनी ते लिहून घेतलं. मग मी उभा राहिलो आणि म्हणालो, साहेब, यावर मला दोन शब्द बोलायचे आहेत.

बावीस वर्षांत असं मी एकदाच केलं. साहेब थंडपणे म्हणाले, तुम्ही दुभाषी आहात, साक्षीदार नाही.

मधल्या सुट्टीत मी त्या पुण्याच्या वकिलाला आंब्याखाली गाठलं. “मला साक्षीला बोलवा,” म्हटलं.

तो बिचकला. “अहो, पण तुमचंच भाषांतर चुकलं, असं तुम्हीच सांगणार?”

“चुकलं नाही. बरोबर आहे, तोच घोटाळा आहे.”

तेवढ्यात कोणीतरी आबांना कळवलं. ते तेव्हा पेन्शनीत होते आणि रोज कोर्टाच्या आवारात फेरी मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. ते काठी टेकत आले. “पन्हळीने बोलायचं नसतं रे,” म्हणाले. “शिरस्तेदारीवर पाणी सोडावं लागेल.”

मी म्हटलं, “आबा, बाई लटकेल.”

त्यांनी तपकिरीची डबी उघडली, मिटली आणि काठी टेकत परत गेले. शिरस्तेदारी पुढे मला खरोखरच मिळाली नाही. शेऱ्यांच्या पुस्तकात ‘आपल्या कामाची मर्यादा ओळखत नाही’ असा शेरा पडला, तो शेवटपर्यंत राहिला. त्याचं दुःख मला झालं. नाही झालं म्हणणं खोटं होईल.

दुपारी मी पिंजऱ्यात उभा राहिलो. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं इंग्रजीत सांगितलं होतं. स्वतःचं बोलायची वेळ आली तेव्हा माझं इंग्रजी इतकं वाईट निघालं की मलाच नवल वाटलं. शब्द पुढेमागे होत होते. तरी मी सांगितलं. आमच्याकडे बायका कशा रडतात, ते सांगितलं. माझ्या आईचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं. शपथेवर सांगितलं की माझ्या आईने माझ्या बहिणीला मारलं नव्हतं.

सरकारी वकील म्हणाले, “पण आरोपी मॅजिस्ट्रेटपुढेही म्हणाली की हे खरं आहे. तिथे कोण मेलं होतं?”

साहेबांनी चष्मा काढला. ते म्हणाले, “मला स्पष्ट कळलं पाहिजे. एकीकडे शेजारणीची साक्ष आहे की बाई तिथे नव्हती. दुसरीकडे बाईचा स्वतःचा शब्द आहे की तिनेच ढकललं. दोन्ही खरं असू शकत नाही. तुमचं म्हणणं असं आहे का, की बाईच्या या शब्दांना काही अर्थ नाही?”

मी भागीकडे पाहिलं. पदराखाली नुसती हनुवटी दिसत होती. साहेबांचा प्रश्न सरळ होता आणि त्याला हो किंवा नाही एवढीच उत्तरं होती. हो म्हटलं तर ती जगणार होती.

“हो साहेब,” मी म्हणालो. “रीत आहे. अर्थ काही नाही.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग येसूला पुन्हा बोलावून त्यांनी स्वतःच, आपल्या घडीच्या मराठीत विचारलं, “बाई, तुम्हास असे वाटते काय, की हिने तिला ढकलले?”

येसू भडकली. “कोन म्हनतं? शेवाळावरनं पाय सरला तिचा! कळशी काठाला फुटली व्हती, फौजदाराला मी दावली, तेनी लिवली नाय.”

“मग ही असे का म्हणाली?”

“मग रडायचं नाय तिनं?”

दोन दिवसांनी निकाल लागला. भागी सुटली. पाच महिने ती रत्नागिरीच्या जेलात होती. निकाल मीच तिला मराठीत सांगितला. असा आनंद नोकरीत पुन्हा कधी झाला नाही.

कोर्टाच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर ती मुलाबरोबर उभी होती. मुलगा माझ्या पाया पडायला वाकला. ती वाकली नाही. पहिल्यांदाच तिने पदर मागे सारला होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, पण चेहरा उन्हावाऱ्याने रापलेला.

“दुभाषीबुवा,” ती म्हणाली, “तुमी साहेबाला काय सांगितलात? त्यानं कसं काय सोडलं?”

मी खुशीत होतो. मी सगळं समजावून सांगितलं. साहेबांना आपली रीत ठाऊक नाही, त्यांना वाटलं तू खरंच ढकललंस, मी म्हटलं की हे नुसतं रडणं, यात अर्थ काही नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “अर्थ नाय?”

“म्हणजे तसं—”

“तिला ताप व्हता, बुवा. सकाळधरनं म्हनत व्हती, आंग दुकतंय. मी म्हटलं, सोंग करतंस. जा, पानी आन. जाईत नव्हती. हाताला धरून उठीवली, कळशी हातात दिली, उंबऱ्याभायेर लोटली.” तिने आपला उजवा हात पुढे केला. “ह्याच हातानं. आता सांगा, कोनी ढकलली?”

मुलगा समुद्राकडे बघत होता. त्याला हे माहीत असावं.

“मॅजिस्ट्रेटनं विचारलं खरं हाय काय, मी म्हटलं खरं हाय. त्यानं तरी मानलं. तुमी म्हनालात, माज्या रडन्यात कायच नव्हतं.” तिचा आवाज चढला नाही. “मी खरी रडले व्हते, बुवा.”

एवढं बोलून ती उतरली. मुलगा मागून गेला. आंब्याखाली येसू त्यांची वाट बघत होती. तिघं मांडवीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी पायरीवरच उभा होतो.

घरी आलो. तेव्हा आई होती. सत्तरीला टेकली होती, पण सुपातले तांदूळ दुसऱ्या कोणाला निवडू देत नसे. तिला निकाल सांगितला, आणि स्वतःला जरा बरं वाटावं म्हणून म्हणालो, “आई, ती बाई तुझ्यामुळे सुटली.”

“माझ्यामुळे कशी?”

“तू सोनीच्या वेळी रडली होतीस ना, मीच मारली म्हणून. ते मी साहेबांना सांगितलं. म्हटलं, बायका असं म्हणतात, त्यात अर्थ नसतो.”

तिने दोन-तीन खडे काढून बाजूला ठेवले.

“तुला कोणी सांगितलंन् अर्थ नसतो म्हणून?” ती म्हणाली. “वैद्यबुवांनी पेजेखेरीज काही देऊ नका म्हणून बजावलंन् होतं. तू शाळेत होतास. पोर खीर मागत होती, सकाळपासून मागत होती. मी दिली. रात्री ताप चढला तो उतरलाच नाही.”

त्यानंतर तीस वर्षं मी त्या घरात राहत होतो. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं असं मी म्हणणार होतो, पण ते खोटं झालं असतं. सांगितलं होतं, भर अंगणात, सगळ्या आळीसमोर. मीही तिथे होतो. सगळ्यांनी ऐकलं आणि तिला धरून बसले. आता मला वाटतं, त्यातल्या बऱ्याच जणींना कळलं असावं. धरून बसणं हेच त्यांचं उत्तर होतं. न कळलेला मी एकटाच, आणि जिल्ह्याचा दुभाषी मी.

त्या आठवड्यात मी वही उघडली आणि डावीकडे भागीचं वाक्य लिहिलं. उजवीकडे काय लिहावं याचा विचार पुढे कित्येक वर्षं केला. ‘मी तिला ढकललं’ लिहिलं तर ती फासावर जाते. ‘मला दुःख झालं’ लिहिलं तर ती खोटी पडते. ती जे बोलली ते या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होतं, आणि मराठीत ते कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. पेन्शन घेताना वही पुढच्या माणसाला दिली. त्याने विचारलं, इथे उजवीकडे कोरं का? मी म्हटलं, जमलं तर भर. अजून तरी त्याचं पत्र आलेलं नाही.

आता कोर्टाकडे फारसं जाणं होत नाही. गेलो तर आंब्याखाली थोडा बसतो. माणसं भाकरी सोडून बसलेली असतात, तेच हेल कानावर पडतात आणि कोणी एखादं बोलणं बोललं की अजूनही मनातल्या मनात त्याचं इंग्रजी जुळू लागतं. मी ते थांबवतो आणि नुसतं ऐकतो. ही गोष्ट आधी शिकलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटतं.

आई गेली तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. शेवटचे दोन दिवस ती खीर मागत होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून मी दिली नाही. तिला अंगणात ठेवल्यावर माझ्या तोंडून काय निघालं, ते आळीने ऐकलं आहे. इथे मी ते लिहीत नाही. लिहिलं की कोणीतरी त्याचं भाषांतर करील.